पुण्यांतील प्लेग आणि प्रजेचें गाऱ्हाणें

साथीचा रोग गांवांत शिरला म्हणजे माणसाला दोन भीतींनीं घेरलेलें असतें. एक भीति मरणाची आणि दुसरी सरकारी माणसाची. पहिली दैवाधीन म्हणून लोक कशीबशी सोसतात. दुसरीविषयीं मात्र ते तक्रार करतात, कारण ती माणसानें निर्माण केलेली असून माणसाच्याच हातून कमी होण्यासारखी असते. ही तक्रार राज्यकर्त्यांना नेहमीं अवेळीं वाटते. घराला आग लागली असतां पाणी कोणत्या विहिरीचें आणावें याचा वाद कशाला घालतां, असें ते विचारतात. वरवर पाहतां हा प्रश्न बिनतोड दिसतो. परंतु सव्वाशें वर्षांपूर्वीं खुद्द पुणें शहरांत हाच वाद इतक्या तीव्रतेनें झाला, आणि त्याचे परिणाम इतके दूरवर पोंचले, कीं त्या प्रश्नाचें उत्तर शोधूं जाणाऱ्यानें त्या प्रकरणाकडे पुन्हा एकदां शांतपणें पाहणें अवश्य आहे.

आजच तें पाहण्यास आणखी एक निमित्त आहे. मार्च २०२० मध्यें करोनाची साथ महाराष्ट्रांत आली आणि राज्यांतील पहिले रुग्ण पुण्यांतच सांपडले, तेव्हां सरकारनें जो कायदा लागू केला तो १८९७ सालचा साथरोग कायदा होता. नव्या संकटास तोंड देण्यासाठीं इतकें जुनें शस्त्र बाहेर काढावें लागलें याचें अनेकांस नवल वाटलें. पण ज्या शहरांत त्या शस्त्राची धार सर्वांत आधीं आणि सर्वांत कठोरपणें अनुभवास आली तें शहर पुणेंच होय, याची आठवण फार थोड्यांनीं केली. रँडच्या खुनाची हकीकत आम्ही येथें पुन्हा सांगूं इच्छीत नाहीं. ती मराठी वाचकांस पाठ आहे. तिच्यावर चित्रपटहि निघाला आहे. त्या खुनाच्या झगमगाटांत जें झांकून गेलें, म्हणजे खुनापूर्वींच्या चार महिन्यांत पुण्याच्या लोकांनीं काय म्हटलें, कोणीं म्हटलें आणि तें कोणीं ऐकलें, तेवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा रोगी ओळखला. दोन वर्षांपूर्वींच हाँगकाँगमध्यें ही साथ उसळली होती, व तेथें येर्सिन या शास्त्रज्ञानें तिचे जंतु शोधून काढले होते. मुंबईंतून लोक रेल्वेनें चोहोंकडे पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगहि पुण्यास आला. सरकारला घाई होण्याचें कारण केवळ प्रजेचे प्राण हें नव्हतें. हिंदुस्थानच्या मालावर व जहाजांवर परदेशचीं बंदरें निर्बंध घालूं लागलीं होतीं, आणि याच प्रश्नाच्या विचारासाठीं १८९७ च्या आरंभीं व्हेनिस येथें युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली होती. आपण रोग रोखण्यासाठीं कांहीं कडक उपाय करीत आहों हें जगास दाखविणें साम्राज्य सरकारास भाग होतें. अशा मनःस्थितींत ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगाचा कायदा संमत झाला.

हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. पहिल्यांत त्याचें नांव व व्याप्ति. दुसऱ्यांत सरकारास वाटतील ते उपाय योजण्याची व वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची मुभा. त्याच कलमांत खर्च व भरपाई द्यावयाची झाल्यास ती कोणीं द्यावी हें ठरविण्याचाहि अधिकार सरकारकडेच ठेवला होता, म्हणजे भरपाई ही सरकारची मर्जी होती, प्रजेचा हक्क नव्हता. तिसऱ्यांत नियम मोडणाऱ्यास शिक्षा. चवथ्यांत या कायद्याखालीं सद्बुद्धीनें कृत्य करणाऱ्या कोणाहिविरुद्ध दावा वा फिर्याद चालणार नाहीं अशी हमी. तक्रार कोणाकडे करावी, तिची चौकशी कोणीं करावी, नियम किती दिवस चालावे, यांविषयीं एक अक्षरहि त्यांत नव्हतें. कायदा करणारांनीं अधिकाऱ्याच्या सद्बुद्धीस कवच दिलें, पण त्या सद्बुद्धीची पारख कशी व्हावयाची याचा विचारच केला नाहीं. पुढील सर्व अनर्थाचें मूळ आमच्या मतें या उणिवेंत आहे.

दुसरी एक गोष्ट येथें ध्यानांत ठेविली पाहिजे. या कायद्याखालीं ज्या निश्चयानें उपाय योजले गेले, तो निश्चय ज्या ज्ञानावर उभा होता तें ज्ञान अर्धवट होतें. रोगाचे जंतु सांपडले होते. परंतु ते उंदरावरील पिसवांच्या द्वारें माणसाच्या अंगांत शिरतात हें पॉल-लुई सिमाँ यानें कराचींत दाखवून दिलें तें १८९८ मध्यें, आणि शास्त्रज्ञांस तें पटावयास त्यानंतरहि कांहीं वर्षें गेलीं. १८९७ मध्यें रोग हवेंत, जमिनींत, कपड्यांत आणि घाणींत असतो या समजुतीनें घरांच्या जमिनी उकरण्यांत आल्या, भिंतींना चुना फांसण्यांत आला, अंथरुणें-पांघरुणें व सामानसुमान जाळण्यांत आलें. घर असें उलथून टाकल्यावर तेथील उंदीर शेजारच्या घरांत जात, आणि त्यांच्याबरोबर पिसवाहि जात. आज हें समजतें म्हणून त्या वेळच्या अधिकाऱ्यांस मूर्ख ठरविणें अन्यायाचें होईल. परंतु ज्याचें ज्ञान अपुरें आहे त्यानें तरी दुसऱ्याचें बोलणें ऐकून घ्यावें, एवढी अपेक्षा करणें अन्यायाचें नाहीं.

पुण्यांत फेब्रुवारी अखेरपर्यंत साथीनें उग्र रूप धारण केलें आणि लोक शहर सोडून जाऊं लागले. मार्चच्या आरंभीं खास प्लेग कमिटी नेमण्यांत आली व तिचें अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकाऱ्याकडे देण्यांत आलें. रँडच्या दिमतीस सुमारें नऊशें लष्करी माणसें होतीं. त्यांचें अधिपत्य डरहॅम पलटणींतील मेजर पॅजेट यांजकडे होतें. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत सुमारें दोन महिने घरोघर झडत्या चालल्या. गोऱ्या सोजिरांची टोळी सकाळीं पेठेंत शिरे, घरांतील सर्व माणसांना बाहेर काढी, संशयितास प्लेगच्या इस्पितळांत आणि त्याच्या घरच्या मंडळींस शहराबाहेरच्या सेग्रिगेशन कँपांत रवाना करी. शहराबाहेर जाणाऱ्यांवर व आंत येणाऱ्यांवर पहारा होता. मयताचा विधि सुद्धां परवानगीवांचून करतां येत नसे.

या व्यवस्थेच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें आधीं म्हटलें पाहिजे. लोक रोगी लपवीत होते, हें खरें होतें. माजघरांत, माळ्यावर, देवघराच्या आड रोगी ठेवून दारांत आलेल्या वैद्यास घरांत सर्व कुशल असल्याचें सांगण्यांत येई, आणि त्या एका रोग्यापायीं सबंध वाड्याचा नाश ओढवे. जातिभेदाच्या व सोंवळ्याच्या कल्पनांमुळें इस्पितळाचें नांव निघतांच कित्येकांच्या अंगावर कांटा उभा राही. कमिटीनें सोजिरांस लेखी सूचना दिल्या होत्या. त्यांत लोकांच्या धर्मसमजुतींस शक्य तों जपावें, स्त्रियांच्या बाबतींत विशेष काळजी घ्यावी, असें बजावलें होतें. टोळ्यांबरोबर दुभाष्याचें काम करण्यास एतद्देशीय गृहस्थांसहि बोलावण्यांत आलें होतें. कागदावर पाहिल्यास रँडची योजना निष्ठुर असली तरी अविचारी नव्हती.

आणि पुण्याचें जाणतें लोकमत आरंभीं तिच्या विरुद्धहि नव्हतें. टिळकांचा ‘केसरी’ हा पुढें राजद्रोही ठरला. परंतु त्यानें आधीं रोग्यांना वेगळें ठेवण्याची आवश्यकता लोकांना पटवून दिली होती, आणि ज्या पुढाऱ्यांनीं शहर सोडून पळ काढला त्यांच्यावर टीका केली होती. टिळक स्वतः पुण्यांत राहिले; त्यांनीं हिंदु लोकांकरितां प्लेगचें वेगळें रुग्णालय उघडण्यांत पुढाकार घेतला. शहराच्या दुसऱ्या टोंकास, हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या माळावर, सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंतराव रोग्यांवर उपचार करीत होते. रोगी आणतां आणतां सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. टिळक आणि सावित्रीबाई यांच्या मतांत किती अंतर होतें हें सांगावयास नको. तरीहि दोन्हीकडे एक गोष्ट समान दिसते. रोग्यास घराबाहेर नेऊन उपचार करण्यास लोकांचा सरसकट विरोध नव्हता. नेणारे हात कोणाचे आहेत, एवढेंच ते पाहत होते. आपल्या माणसानें पाठीवर घेऊन नेलें तर जो रोगी जाई, तोच बंदुकवाल्यानें ओढलें तर माळ्यावर लपे.

लोकांच्या तक्रारी चार प्रकारच्या होत्या. पहिली मालमत्तेची: झडतींत वस्तु गहाळ होतात, आणि जें जाळावयास नको तेंहि जाळलें जातें. दुसरी धर्माची: देवघरांत व स्वयंपाकघरांत बूट घालून शिरतात, देवांच्या मूर्तींची विटंबना होते. तिसरी विलगीकरणाची: ज्यांस रोग नाहीं, साधा ताप आहे, अशांनाहि प्लेगच्या रोग्यांत नेऊन टाकतात. चवथी आणि सर्वांत जिव्हारीं लागणारी स्त्रियांच्या अब्रूची: काखेंत वा जांघेंत गांठ आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं उघड्यावर त्यांचीं वस्त्रें दूर करावयास लावतात. यांपैकीं पहिल्या तीन प्रकारच्या तक्रारींची शहानिशा करणें मुळींच अवघड नव्हतें. कोणत्या तारखेस, कोणत्या पेठेंत, कोणती टोळी गेली याची नोंद कमिटीपाशीं होती. दोन अधिकारी व दोन नागरिक यांनीं आठवड्यांतून एक दिवस बसून तक्रारी ऐकल्या असत्या, दोन-चार दोषी शिपायांस जाहीर शिक्षा झाली असती, तर शहराचा निम्मा संताप तेथेंच विरला असता. सोजिरांऐवजीं एतद्देशीय शिपाई नेमावे ही मागणीहि अशीच माफक होती. परंतु एतद्देशीय शिपाई लांच खाईल, सोजीर शिस्तींत वागेल, या समजुतीमुळें ती मानली गेली नाहीं.

जीं थोडीं गाऱ्हाणीं कमिटीपर्यंत पोंचलीं, त्यांतील बहुतेक निराधार वा अतिशयोक्त ठरविण्यांत आलीं. रँडनें आपल्या अहवालांत, स्त्रियांच्या मर्यादेचा बुद्धिपुरस्सर भंग झाल्याची एकहि विश्वसनीय तक्रार आली नाहीं, याबद्दल समाधान व्यक्त केलें. हें विधान बारकाईनें पाहण्यासारखें आहे. तक्रार आली नाहीं हें खरेंहि असेल. पण ज्या समाजांत अब्रूची गोष्ट शेजाऱ्यापाशींहि बोलत नसत, तेथील कुलीन स्त्री ज्या अधिकाऱ्याच्या शिपायांनीं अपमान केला त्याच अधिकाऱ्याच्या कचेरींत जाऊन, दुभाष्याच्या मार्फत, आपली विटंबना वर्णन करून सांगेल अशी अपेक्षाच चमत्कारिक आहे. दार बंद ठेवून, कोणी आंत आलें नाहीं म्हणून बाहेर कोणी नाहींच असें म्हणण्याचा हा प्रकार झाला.

या तक्रारी म्हणजे पुण्याच्या सनातनी ब्राह्मणांचें कारस्थान होतें, असें तेव्हां सरकारपक्षाकडून सुचविण्यांत येई. तें खरें नव्हे. मे १८९७ मध्यें पंडिता रमाबाईंनीं मुंबईच्या ‘बाँबे गार्डियन’ पत्रांत पत्र लिहून आपल्या आश्रमांतील एका मुलीच्या संबंधांत प्लेगच्या इस्पितळाच्या व्यवस्थेवर कडक टीका केली. रमाबाई ख्रिस्ती होत्या, सनातन्यांच्या रोषास पात्र झालेल्या होत्या, आणि मिशनरी मंडळींत त्यांचें वजन होतें. त्यांच्या शब्दावर तरी सरकारनें विश्वास ठेवावयास हरकत नव्हती. परंतु तेंहि नाकारण्यांतच आलें.

आतां या प्रकरणांतील सर्वांत दुःखदायक भागाकडे वळूं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. पुण्याच्या मित्रांचीं पत्रें त्यांना तेथें पोंचत होतीं. त्या पत्रांच्या आधारें त्यांनीं मँचेस्टर गार्डियनच्या प्रतिनिधीस सोजिरांच्या वर्तनाविषयीं सांगितलें. दोन स्त्रियांवर बलात्कार झाला व त्यांपैकीं एकीनें आत्महत्या केली, असा आरोप त्यांत होता. पार्लमेंटांत प्रश्न निघाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं आरोप साफ नाकारला. गोखले जुलैच्या अखेरीस परत आले आणि पुरावा गोळा करूं लागले. परंतु पत्रें लिहिणारांपैकीं कोणी उघडपणें पुढें येण्यास तयार होईना. गोखल्यांनीं त्यांचीं नांवें सरकारास दिलीं नाहींत, आणि ऑगस्ट १८९७ मध्यें बिनशर्त माफी मागितली.

या माफीबद्दल गोखल्यांस पुढें बरेंच सोसावें लागलें. भित्रेपणाचा आरोप तर त्यांच्यावर कित्येक वर्षें होत राहिला. आम्हांस मात्र त्यांच्या वर्तनांत भित्रेपणापेक्षां एका सभ्य माणसाची कोंडी दिसते. सिद्ध न होणारा आरोप मागें घेणें हें त्यांनीं कर्तव्य मानलें, आणि ज्यांनीं विश्वासानें लिहिलें त्यांस उघडें न पाडणें हेंहि कर्तव्य मानलें; या दोन कर्तव्यांच्या मध्यें त्यांनीं स्वतःची प्रतिष्ठा खर्ची घातली. माफीनंतर ते प्लेगनिवारणाच्या कामांत स्वयंसेवकांसह राबले, हेंहि विसरतां कामा नये. पण खरा प्रश्न गोखल्यांचा नाहींच. पुण्यांतील सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसें खासगी पत्रांत एक लिहितात आणि साक्षीची वेळ येतांच गप्प बसतात, याचा अर्थ काय? त्यांनीं लिहिलेलें खोटें होतें, असा एक अर्थ निघतो. खरें सांगितल्यास आपली धडगत नाहीं असें त्यांना वाटत होतें, असा दुसरा. या दोहोंतून निवड करण्याचें साधन म्हणजे निर्भय चौकशी. आणि ती झालीच नाहीं. म्हणून सव्वाशें वर्षांनंतरहि त्या आरोपांतील सत्य किती आणि ऐकीव किती, हें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. अधिकाऱ्यांनीं ऐकून घेतलें नाहीं त्यामुळें प्रजेची हानि झालीच. पण निर्दोष सोजिरांचीहि हानि झाली, कारण त्यांचें निर्दोषत्वहि कधीं सिद्ध झालें नाहीं.

दरम्यान २२ जून १८९७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. या कृत्याबद्दल दामोदर चापेकर व त्यांचे बंधु बाळकृष्ण आणि वासुदेव, तसेच महादेव रानडे, यांना १८९८ व १८९९ या वर्षांत फांशी झाली. आयर्स्टचा प्लेगच्या कमिटीशीं कांहीं संबंध नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे. देशभक्तीच्या इतिहासांत चापेकरांचें स्थान काय, याचा निर्णय आमच्या प्रस्तुत विषयाबाहेरचा आहे. खुनानंतर सरकारनें काय केलें, तें मात्र विषयांतलें आहे.

सरकारनें गुन्हेगारांच्या आधीं टीकाकारांना पकडलें. शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च नागरिकांवर लादण्यांत आला. नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं विनाचौकशी अटकेंत ठेवण्यांत आलें. ६ जुलै रोजीं सरकारच्या शुद्धीविषयींच शंका घेणाऱ्या मथळ्याखालीं केसरींत अग्रलेख आला. २७ जुलै रोजीं टिळकांना पकडण्यांत आलें आणि १४ सप्टेंबर रोजीं दीड वर्षांची सक्तमजुरी झाली. ज्यूरींतील सहा युरोपीयनांनीं त्यांना दोषी म्हटलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी म्हटलें. न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं सरकारविषयींची अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, असा कलमाचा अर्थ लावला, आणि पुढल्याच वर्षीं राजद्रोहाचें कलम अधिक विस्तृत करण्यांत आलें.

येथें एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट बहुधा नजरेंतून निसटते. टिळकांवरील खटला प्लेगवरील लेखांबद्दल नव्हता. आरोपपत्रांत जो मजकूर होता तो १५ जूनच्या अंकांतील शिवाजी उत्सवासंबंधीं होता. प्लेगच्या अंमलबजावणीवर केसरीनें जें लिहिलें तें खरें कीं खोटें, हें कोणत्याहि न्यायालयापुढें आलेंच नाहीं. तें आलें असतें तर साक्षीदार बोलावावे लागले असते, झडतीच्या नोंदी उघडाव्या लागल्या असत्या, सोजिरांची उलटतपासणी झाली असती. लेखकास शिक्षा झाली, परंतु त्यानें मांडलेल्या गाऱ्हाण्याचा निकाल लागला नाहीं.

इतकें करून सरकारास काय मिळालें? रोग तर हटला नाहींच. उन्हाळ्यांत ओसरलेली साथ त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत पुण्यांत पुन्हा उलटली, आणि पुढें कित्येक वर्षें येत राहिली. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्यें याच रोगानें गेला. मार्च १८९८ मध्यें मुंबईंत विणकरांच्या वस्तींत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून मोठा दंगा झाला. एप्रिल १९०० मध्यें कानपुरांत सेग्रिगेशन कँपावर जमाव चालून गेला. तेव्हां कोठें सरकारनें धोरण बदललें. लष्करी झडत्या बंद झाल्या. जातवार खासगी रुग्णालयांस उत्तेजन मिळालें, ज्याचा प्रयोग मुंबईंत जनरल गॅटॅकर यांच्या कमिटीनें आधींच केला होता. टोंचणी ऐच्छिक ठेवण्यांत आली. प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या प्लेग कमिशनच्या कामानंतर सक्तीवरील भिस्त उत्तरोत्तर कमीच होत गेली. म्हणजे पुण्याच्या लोकांनीं एप्रिल १८९७ मध्यें ज्या गोष्टी अर्जांतून मागितल्या, त्यांतील बहुतेक सरकारनें पुढील तीन-चार वर्षांत खून, दंगे आणि खटले झाल्यानंतर दिल्या. अर्जाची किंमत एक कागद होती. तीच गोष्ट सरकारनें रक्त सांडल्यावर विकत घेतली.

आणि लोकांनीं स्वतः काय केलें? उंदीर मरून पडूं लागले कीं सबंध गांव उठून रानांत वा माळावर झोंपड्या घालून राहूं लागलें. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांच्या आठवणींत ‘प्लेगच्या झोंपड्या’ अजून जिवंत आहेत. उंदरापासून माणसास दूर नेणारा हा उपाय शास्त्राच्याहि कसोटीस उतरला. लोकांना विलगीकरण मान्य नव्हतें हें म्हणणें येथें उघडें पडतें. आपल्या माणसांसह, आपल्या झोंपडींत, आपल्या चुलीवर जेवून राहावयाचें असेल तर तेच लोक पहारा नसतांनाहि महिने महिने गांवाबाहेर राहत होते.

आतां २०२० कडे येऊं. दोन काळांतील अंतर मोठें आहे, आणि तें मिटविणें अप्रामाणिकपणाचें होईल. १८९७ चें सरकार परकें होतें. आजचें आपण निवडून दिलेलें आहे. पुण्याच्या वस्त्यांत तपासणीस जाणारे गोरे सोजीर नव्हते. आशा सेविका, परिचारिका, महापालिकेचे सफाई कामगार होते, आणि त्यांतील कित्येकांनीं या कामांत प्राण वेंचले. त्यांच्यावर हल्ले होऊं लागले तेव्हां २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमानें जुन्या कायद्यांत त्यांच्या संरक्षणाची तरतूद झाली, तें योग्यच झालें. रोगहि तसा नव्हता; ज्याला स्वतःला कांहीं होत नाहीं असा माणूसहि तो पसरवूं शकत होता, म्हणून सर्वांनाच घरांत थांबविण्यास सबळ कारण होतें.

तथापि कायदा तोच होता, आणि त्यांतील पोकळीहि तीच होती. २४ मार्च २०२० च्या रात्रीं आठ वाजतां घोषणा झाली आणि मध्यरात्रीं सारा देश बंद झाला. पुण्यांत, पिंपरी-चिंचवडांत, चाकणच्या कारखान्यांत रोजावर काम करणाऱ्या परप्रांतीय मजुरानें खोलीचें भाडें कोठून द्यावें, गांवीं कसें जावें, हें त्या मध्यरात्रीपर्यंत कोणीं ठरविलें नव्हतें. ८ मे रोजीं जालन्याहून गांवाकडे पायीं निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ रुळांवर झोंपलेले असतां मालगाडीखालीं चिरडले गेले. जुलैंत पुणें व पिंपरी-चिंचवड येथें पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली तेव्हां व्यापाऱ्यांनीं उघड नापसंती दर्शविली. दुकानें बंद ठेवून रोग थांबतो याला आधार काय, असें त्यांनीं विचारलें. हा प्रश्न स्वार्थाचा होता म्हणून तो चुकीचा होता असें नव्हे. भुकेल्यानें अन्नाचा प्रश्न विचारणें हाहि स्वार्थच आहे.

या वादांत खोटेपणा नव्हता असें आमचें म्हणणें नाहीं. रोगच नाहीं म्हणणारे होते, औषधांविषयीं कंड्या पिकविणारे होते, परस्परद्वेष पसरविणारेहि होते. परंतु खऱ्या गाऱ्हाण्याची आणि कंडीची वर्गवारी करावयाची कशी? गाऱ्हाणें मांडणाऱ्यास धाक घातला तर खरें बोलणारा आधीं गप्प बसतो. कंडी पिकविणारा तर मुळांत अंधारांतच वावरत असतो. ३० एप्रिल २०२१ रोजीं, दुसऱ्या लाटेंत प्राणवायूसाठीं लोक टाहो फोडीत असतां, सर्वोच्च न्यायालयानें आपल्या आदेशांत बजावलें कीं, समाजमाध्यमांवर आपली अडचण मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई होतां कामा नये. १८९७ मध्यें पुणेंकरांच्या वाट्यास जें आलें नाहीं तें इतकेंच होतें. तें या वेळीं मिळालें, ही आपल्या राज्यघटनेची पुण्याई; पण तें कायद्यानें आधींच दिलेलें नव्हतें, न्यायालयास ऐन संकटांत द्यावें लागलें, ही कायद्याची उणीव.

विधि आयोगानें फेब्रुवारी २०२४ मध्यें या कायद्याचा सविस्तर परामर्श घेऊन तो अपुरा असल्याचा अभिप्राय दिला आहे. नवा कायदा व्हावयाचा तेव्हां होईल. त्यांत अधिकाऱ्यांचे अधिकार, केंद्र व राज्य यांची वांटणी, यांविषयीं पुष्कळ लिहिलें जाईल. आमची मागणी लहान आहे. नियम जाहीर होईल त्याच दिवशीं तक्रार ऐकणारी जागा जाहीर व्हावी; त्या जागीं नियम राबविणारा अधिकारी एकटा न बसतां शहरांतील जाणतीं माणसें, आणि त्यांत स्त्रियाहि, बसाव्या; तक्रारीचें उत्तर ठराविक दिवसांत लेखी मिळावें; आणि या साऱ्याची नोंद सर्वांस वाचतां यावी. यानें रोगाशीं लढणाऱ्याचा हात बांधला जात नाहीं. ताप मोजणारी नळी तापास विरोध करीत नाहीं; तो किती चढला तेवढें सांगते. ती फोडून टाकल्यानें रोगी बरा झाल्याचें कोणीं ऐकलें नाहीं.

गोखल्यांना पत्रें लिहिणारीं तीं माणसें साक्षीस आलीं नाहींत, याबद्दल त्यांस दोष देणें आज सोपें आहे. परंतु ज्या शहरांत बोलणारा तुरुंगांत गेला आणि ऐकणारा कोणीच नव्हता, त्या शहरांत गप्प बसणाऱ्यांचा न्याय करण्यापूर्वीं त्यांच्या जागीं आपण काय केलें असतें हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारून पाहावें. पुढील साथ केव्हां येईल तें कोणास सांगतां येत नाहीं. ती येईल तेव्हां पुण्यांत अशीं पत्रें चोरून लिहावीं लागूं नयेत, इतकी व्यवस्था मात्र आजच करून ठेवतां येईल.